दहाव्या चकतीची चीर

जुहू आणि बळ्ळारी या दोन ठिकाणांवर नकाशात पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती तोरणा आणि राजगडाच्या अंगावरून जाते आणि भोर गावाला जवळजवळ चिकटून दक्षिणेकडे निघते. ऑक्टोबर १९३२ मध्ये टपालाचं पहिलं विमान या दिशेने गेलं. १५ ऑक्टोबरला जेआरडी टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल जुहूला आणलं. तिथून त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते उचललं आणि वाटेत बळ्ळारीला मुक्काम करून मद्रासला पोचवलं. विमान होतं ‘पस मॉथ’, एका इंजिनाचं. घाटमाथ्यावर तोरण्याचा माथा १४०३ मीटर. इंजिन बंद पडलं तर उतरायला जागा म्हणजे वेल्ह्याच्या खोऱ्यातली भातखाचरं, आणि ऑक्टोबरात तीही उभ्या पिकाने भरलेली.

त्या इंजिनाची देखभाल कोण करत होतं? जेआरडी त्या दिवसांबद्दल पुढे सांगत, तेव्हा झावळ्यांनी शाकारलेली एक शेड, एक अर्धवेळ इंजिनिअर आणि दोन शिकाऊ मेकॅनिक एवढाच पसारा ते सांगत. पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जाई, तेव्हा सगळा संसार पुण्याला हलायचा आणि येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावरून विमानं उडायची. इतक्या अपुऱ्या साधनांत पहिल्या वर्षी या टपालसेवेने जो वक्तशीरपणा दाखवला, त्याची सरकारी अहवालात वाखाणणी झाली. जेआरडींचं नाव आपण घेतो ते योग्यच आहे. पण मला त्या दोन शिकाऊ मेकॅनिकांबद्दलही तितकाच आदर वाटतो. विमान घाट ओलांडून पलीकडे गेलं, ते त्यांच्या हातांच्या भरवशावर.

त्या काळच्या इंजिनाचा एक मोठा गुण होता. ते आजारी पडलं की सांगायचं. तेल गळायचं, धुराचा रंग बदलायचा, प्लग काळा पडायचा, आवाजात खोट यायची. मुरलेला मेकॅनिक कान देऊन ऐकायचा आणि कुठल्या सिलिंडरमध्ये बिघाड आहे ते अचूक ओळखायचा. डोळा, कान, नाक आणि बोटं यांच्या टप्प्यात सगळं होतं. पुढे दुसऱ्या महायुद्धातली डाकोटा विमानं स्वस्तात मिळाली, खासगी कंपन्या निघाल्या, १९५३ मध्ये त्यांचं राष्ट्रीयीकरण होऊन इंडियन एअरलाइन्स जन्माला आली. तरी हँगरमधली ही विद्या फारशी बदलली नव्हती.

ती बदलली जेट इंजिन आल्यावर.

पुण्याच्या आकाशाला जेटचा आवाज नागरी प्रवासाच्या आधी हवाई दलाने ऐकवला. लोहगावच्या तळावर कॅनबेरा बाँबफेकी विमानं होती. १८ डिसेंबर १९६१ रोजी गोवामुक्तीच्या मोहिमेत याच विमानांनी पुण्याहून उडून दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले. कॅनबेराला रोल्स-रॉइस कंपनीची ‘एव्हॉन’ इंजिनं होती. तीन वर्षांनी, १९६४ मध्ये, इंडियन एअरलाइन्सने फ्रेंच बनावटीची कॅरव्हेल विमानं वाहतुकीत आणली. त्यांनाही एव्हॉन जातीचीच इंजिनं होती. कॅरव्हेल मोठं देखणं विमान. तोवर प्रवासी जेट विमानांची इंजिनं पंखांत किंवा पंखांखाली असत. कॅरव्हेलमध्ये ती शेपटीजवळ, धडाच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेली होती. पंख मोकळे राहिले, प्रवाशांच्या कानांवरचा आवाज कमी झाला. पुढे कित्येक विमानांनी ही रचना उचलली. तिची दुसरी बाजू अशी, की इंजिनाच्या पलीकडे हातभर अंतरावर धड आणि मागे लगेच शेपटी. विमानाचं नाक वर-खाली करणारी सगळी यंत्रणा तिथेच.

कॅरव्हेलचं नाक ब्रिटिशांच्या कॉमेट विमानाकडून घेतलेलं होतं. हे कॉमेट १९५४ मध्ये धातूच्या थकव्यामुळे लागोपाठ दोनदा भूमध्य समुद्रावर हवेत फुटलं, आणि धातूही थकतो हा धडा साऱ्या जगाला शिकवून गेलं. लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पण वाकवून सरळ, वाकवून सरळ असं करत राहिलं की ठरलेल्या जागी तुटते, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. विमानाच्या धडाचं तेच आणि इंजिनाच्या पोटातल्या चकत्यांचंही तेच.

या चकत्या जवळून पाहायला हव्यात. एव्हॉनच्या पुढच्या भागात हवा दाबणारी यंत्रणा असते, तिला कॉम्प्रेसर म्हणतात. एका लांब दांड्यावर एकामागे एक चकत्या बसवलेल्या, आणि प्रत्येक चकतीच्या कडेला पात्यांची दाट रांग. पहिल्या टप्प्यावर हवा थोडी दाबली जाते, दुसऱ्यावर आणखी थोडी, असं करत करत ती जळण्याच्या कक्षात शिरते तेव्हा कित्येक पटींनी दाबलेली असते. पूर्ण जोर लावला की हा दांडा मिनिटाला ८,००० च्या आसपास फेरे घेतो. तेव्हा प्रत्येक पातं बाहेर निसटायला बघतं आणि चकती त्याला धरून ठेवते. एखादं पातं तुटलं तर इंजिनाचं कवच बहुधा त्याला आतच अडवतं. पण चकती फुटली तर तिच्या तुकड्यांत इतकी ताकद असते, की त्यांना अडवण्याइतकं जाड कवच घातलं तर विमान जमीनच सोडणार नाही. म्हणून चकतीच्या बाबतीत अभियंत्यांनी एकच हिशोब धरला आहे: ती फुटताच कामा नये.

ती फुटू नये म्हणून तिचं आयुष्य आधीच ठरवून टाकतात. इंजिन सुरू झालं, पूर्ण जोरात गेलं, उतरल्यावर बंद झालं, ही एक सायकल. चकतीच्या नावाचं कार्ड असतं, त्यावर तिचा नंबर आणि तिने काढलेल्या सायकली. ठरलेला आकडा गाठला की चकती दिसायला कितीही लख्ख असली तरी ती बाद. इंजिन बदललं, चकती एका इंजिनातून काढून दुसऱ्यात घातली, तरी कार्ड तिच्याबरोबर जातं. कारकुनी वाटणारं हे काम स्पॅनर फिरवण्याइतकंच जोखमीचं आहे. आकडा चुकला तर विमानात काय बसलंय ते कुणालाच कळत नाही. पस मॉथच्या मेकॅनिकला कान पुरत होते, कॅरव्हेलच्या मेकॅनिकला कागद वाचावा लागत होता. आणि एवढं करूनही, ठरलेल्या आयुष्याच्या आतच, धातूतल्या एखाद्या खोटीपाशी किंवा एखाद्या ओरखड्यापाशी चीर सुरू होऊ शकते. ती आवाज करत नाही, तिच्यामुळे तेल गळत नाही, की कुठल्या काट्यावर ती दिसत नाही.

१२ ऑक्टोबर १९७६. देशात आणीबाणी होती. मध्यरात्र उलटून गेल्यावर इंडियन एअरलाइन्सचं १७१ क्रमांकाचं उड्डाण सांताक्रूझहून मद्रासला निघालं. विमान कॅरव्हेल, नोंदणी व्हीटी-डीडब्ल्यूएन, प्रवासी ८९, कर्मचारी ६. प्रवाशांमध्ये मल्याळम आणि तमिळ चित्रपटांतली तरुण अभिनेत्री राणी चंद्रा होती. परदेशातला नृत्याचा कार्यक्रम आटोपून ती आई आणि बहिणींसह घरी परतत होती.

सांताक्रूझ ते मद्रास ही रेघ बळ्ळारीच्या रेघेहून थोडी उत्तरेकडून जाते: पानशेतच्या जलाशयाच्या बाजूने सिंहगडावर आणि तिथून भोर तालुक्यातल्या नसरापूरकडे. सगळं ठीक असतं तर पाव तासात विमान या डोंगरांपलीकडे गेलं असतं. ते मुंबईबाहेरही पडलं नाही. उड्डाणानंतर लगेचच दोन नंबरचं, म्हणजे उजवं इंजिन फुटलं. वैमानिकांनी विमान परत वळवलं. इंजिनाजवळ भडकलेली आग तोवर धडात शिरली होती. विमान धावपट्टीच्या जवळ आलं, जमीन सुमारे तीनशे फुटांवर राहिली, आणि त्याचं नाक खाली गेलं. विमानातले सर्वच्या सर्व ९५ जण मृत्युमुखी पडले.

चौकशीत घटनांची साखळी उलगडत गेली. कॉम्प्रेसरच्या दहाव्या टप्प्यावरच्या चकतीत थकव्याची चीर होती, त्या चिरेने चकती फुटली. तुकड्यांनी इंजिनाचं कवच फोडलं आणि इंधनाच्या नळ्या तोडल्या. इंधन गरम इंजिनावर सांडलं आणि पेटलं. अशा वेळी करायच्या गोष्टींचा क्रम ठरलेला असतो: आधी इंजिनाकडे जाणारं इंधन तोडायचं आणि मग आग विझवणाऱ्या बाटल्या सोडायच्या. त्या रात्री बाटल्या सोडण्याआधी इंधनाचा पुरवठा बंद झाला नाही. ते वाहत राहिलं, आग विझली नाही. ती मागच्या भागात पसरली आणि विमानाचे सुकाणू हलवणारं हायड्रॉलिक तेल तिने संपवलं. शेवटच्या क्षणी वैमानिकांच्या हातात दांडी होती, पण तिच्या पलीकडे काहीच हलत नव्हतं.

या साखळीत एका टोकाला धातू आहे आणि दुसऱ्या टोकाला माणसाचा हात. इंधन तोडलं गेलं नाही, एवढंच वाक्य उचलून वैमानिकांवर बोट ठेवणं सोपं आहे. मला ते अन्यायाचं वाटतं. रात्रीची वेळ, नुकतंच उचललेलं जड विमान, एक इंजिन गेलेलं, आगीचा इशारा, आणि हातात मिनिटं मोजकी. त्या हाताकडून चूक होणारच नाही असं गृहीत धरून आखलेली सुरक्षा अपुरीच असते. त्या चकतीपर्यंत मेकॅनिकचा हातही रोज पोचत नव्हता. विमान निघण्याआधी मेकॅनिक त्याभोवती फिरतो, चाकं पाहतो, इंजिनाच्या तोंडात बॅटरी मारतो, गळती शोधतो. दहावी चकती त्याला दिसत नाही. ती इंजिनाच्या पोटात असते आणि इंजिन कारखान्यात नेऊन पूर्ण उघडल्यावरच हाती येते. मधल्या काळात तिच्याबद्दल जे काही माहीत असतं ते कार्डावरच्या आकड्यांतून.

वेळेवर बंद किंवा सुरू न झालेल्या झडपेची वेल्ह्याकडे आणखी जुनी आठवण आहे. ज्या पानशेतच्या बाजूने मद्रासची ही रेघ जाते, तिथलं आंबी नदीवरचं मातीचं धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटलं. काम १९६२ मध्ये पुरं व्हायचं होतं, पण त्याआधीच्याच पावसाळ्यात पाणी अडवलं गेलं. पाणी सोडायच्या बोगद्याचे दरवाजे उचलायची यंत्रणा पुरी झालेली नव्हती. दरवाजे अर्धवट अवस्थेत अडकले, त्यांच्याखालून पाणी धडका देत वाहू लागलं, बोगद्याला हादरे बसले आणि वरची माती खचू लागली. रात्रभर जवानांनी वाळूची पोती रचली. सकाळी धरण गेलं, मग खडकवासलाही गेलं आणि पुणं बुडालं. न्यायमूर्ती व्ही. ए. नाईक यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. धरण आणि विमान यांची जात वेगळी, हे मला कळतं. तरी पंधरा वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन घटना शेजारी ठेवाव्याशा वाटतात. दोन्हीकडे भार आधी आला, आणि तो सांभाळणारी यंत्रणा त्या क्षणी कामी आली नाही.

डोंगराळ पुणे जिल्ह्याने विमानाचा अपघातही पाहिला होता. ७ जुलै १९६२ रोजी मुंबईकडे येणारं अलिटालियाचं डीसी-८ विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं आणि ९४ जण गेले. तिथे इंजिनांत बिघाड नव्हता, वैमानिक ठिकाणाचा अंदाज चुकून आधीच खाली आले होते. डोंगर चुकवायला पुढे रडार आलं, दिशादर्शक सुधारले. चिरेसाठी असा एकच उपाय नव्हता.

चीर शोधतात कशी? इंजिन उघडून चकती सुटी केली की तिला रसायनात घालून निर्मळ धुतात. तेलाचा, काजळीचा कण राहिला तर पुढचं सगळं वाया. मग तिच्यावर चमकणारा पातळ द्रव चढवतात आणि तो मुरू देतात. केसाहून बारीक फट असली तरी द्रव तिच्यात ओढला जातो. नंतर वरचा द्रव धुऊन टाकायचा, पांढरी भुकटी उडवायची आणि अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली चकती फिरवत फिरवत पाहायची. फटीत मुरलेला द्रव भुकटीत उतरतो आणि हिरवट-पिवळी रेघ उजळते. खोलीत शिरल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत तपासनीसाला थांबावं लागतं. मग एकामागून एक चकत्या, खाचा, भोकं, कडा. शेकडो चकत्यांत काहीच सापडत नाही. काही नसण्याची सवय डोळ्यांना लागते, आणि ही सवय मोठा घात करू शकते.

१९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत युनायटेड कंपनीच्या डीसी-१० विमानाचं शेपटीतलं इंजिन हवेत फुटलं. कारण तेच: चकती. ही पुढच्या मोठ्या पंख्याची होती. तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा तोडल्या. कॅप्टन अल हेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करत विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं. तिथे ते कोसळलं, तरी २९६ जणांपैकी १८४ वाचले. सांताक्रूझची रात्र आठवली की हा आकडा चमत्कारासारखा वाटतो.

फुटलेली चकती तेव्हा मिळाली नव्हती. मक्याची काढणी सुरू झाली तेव्हा, ऑक्टोबरात, एका शेतकरी बाईंना ती आपल्या शेतात सापडली. प्रयोगशाळेत तिने आपली हकिकत सांगितली. धातू ओतताना राहिलेली बारीकशी खोट, तिच्यापासून निघालेली चीर, आणि वर्षानुवर्षं सायकलीमागे सायकल वाढत गेलेला तडा. शेवटची तपासणी ७६० उड्डाणांआधी झाली होती. तेव्हाच तडा सुमारे अर्धा इंच लांब असावा असा निष्कर्ष निघाला. चिरेच्या पृष्ठभागावर तपासणीच्या द्रवातल्या रसायनांचे अंश मिळाले. म्हणजे द्रवाने आपलं काम केलं होतं, तो चिरेत शिरला होता. तपासणाऱ्याला ती दिसली नाही. चकती मधल्या भोकातून घातलेल्या तारेवर टांगून तपासली जात असे आणि चीर होती त्याच भोकाच्या आतल्या अंगाला. तारेला आणि तिच्यावरच्या आवरणाला झाकलेला भाग चकती नीट फिरवून पाहिला गेला नसावा, असं चौकशी मंडळाने म्हटलं. त्याने दोष एका माणसावर टाकला नाही. ओव्हरहॉलच्या तपासणीत आणि गुणवत्तेच्या पद्धतीत माणसाच्या मर्यादांचा विचार पुरेसा झाला नव्हता, असं त्याने नोंदवलं. विमानांच्या देखभालीच्या इतिहासात मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. तपासनीसाला ‘नीट बघ’ सांगून भागत नाही. चकती कशी टांगायची, किती वेळाने डोळ्यांना विश्रांती द्यायची, दुसऱ्याने पुन्हा कधी पाहायचं, हेही ठरवावं लागतं.

त्यानंतरही सुटलेल्या चिरांचे अपघात झाले. जून १९९५ मध्ये अटलांटात एका डीसी-९ ची कॉम्प्रेसर चकती धावपट्टीवरच फुटली. ते इंजिन चार वर्षांपूर्वी तुर्कस्तानात ओव्हरहॉल झालेलं होतं आणि तेव्हा दिसू शकणारी चीर हातून सुटली होती. जुलै १९९६ मध्ये पेन्साकोलात पंख्याचा गाभा फुटला आणि एक आई व तिचा मुलगा आपल्या जागी बसल्या बसल्या गेले. तिथेही तपासणी झालेली होती.

चुकांची दुसरी जात चकतीच्या मानाने अगदी क्षुल्लक वस्तूंची. ५ मे १९८३ रोजी ईस्टर्न कंपनीचं तीन इंजिनांचं विमान मायामीहून नसाऊला निघालं. आदल्या रात्री तिन्ही इंजिनांच्या तेलातले धातूचे कण पकडणारे तुकडे बदलले होते. त्यांना कुकरच्या रिंगसारखी रबरी रिंग लागते. एरवी मुकादमाच्या कपाटात रिंग चढवलेले तयार तुकडे असत. त्या रात्री कपाट रिकामं होतं. भांडारातून आणलेल्या तुकड्यांना रिंग नव्हती, आणि तिन्ही इंजिनांवर ते तसेच चढले. गळती पाहायला इंजिन काही सेकंद फिरवलं, पण तेवढ्यात तेल दिसलं नाही. समुद्रावर गेल्यावर तेल संपायला लागलं. तीन इंजिनांचं तेल एकदम संपतं यावर वैमानिकांचा विश्वास बसेना, काटेच बिघडले असं त्यांना वाटलं. एक इंजिन त्यांनी बंद केलं होतं, मग उरलेली दोन्ही बंद पडली. आधी बंद केलेलं कसंबसं पुन्हा सुरू झालं आणि १७२ जण जमिनीवर उतरले. लांब समुद्रावरून उडणाऱ्या दोन इंजिनांच्या विमानांवर एकाच माणसाने एकाच वेळी दोन्ही इंजिनांचं सारखं काम करू नये, हा आजचा दंडक अशाच अनुभवांतून आला. एका हाताची चूक दोन्हीकडे सारखीच पोचते, हे त्यामागचं साधं कारण.

ऑगस्ट २००१ मध्ये एअर ट्रान्सॅटच्या विमानात बदललेल्या इंजिनावर जुन्या आणि नव्या बनावटीचे भाग एकत्र बसले. हायड्रॉलिक नळी आणि इंधनाची नळी यांच्यात जागा राहिली नाही, घासून घासून इंधनाची नळी फाटली. अटलांटिकवर दोन्ही इंजिनं थांबली आणि विमान तरंगत अझोर्स बेटांवर उतरलं. ३०६ जण वाचले. भाग जुळत नाहीत हे इंजिन बसवताना लक्षात आलं होतं, पण विमान लवकर परत द्यायची घाई होती.

आपल्याकडे परवानाधारक इंजिनिअरच्या सहीशिवाय विमान उडत नाही. हँगरमध्ये बिघाडाला ‘स्नॅग’ म्हणतात. रात्री स्नॅग लिहिला जातो, पहाटेच्या उड्डाणाआधी तो सोडवायचा असतो. पाळी बदलताना अर्धवट काम दुसऱ्याच्या हाती जातं. कुठला नट फक्त हाताने बसवलाय आणि कुठला टॉर्क रेंचने आवळलाय, हे पहिल्याने दुसऱ्याला सांगितलं नाही, लिहिलं नाही, तर सही होऊनही काम झालेलं नसतं. १९९३ मध्ये कॅनडात गॉर्डन ड्युपाँट यांनी मेकॅनिकच्या चुकांमागची बारा कारणं मांडली: थकवा, दडपण, लक्ष विचलित होणं, ‘आपल्याकडे असंच करतात’ ही वृत्ती, वरिष्ठाला नाही म्हणण्याचं धैर्य नसणं वगैरे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) नियमांनुसार आता आपल्या देखभाल कर्मचाऱ्यांनाही याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. यातलं धैर्याचं कारण आपल्या समाजात सर्वांत जड जातं, असं माझं मत आहे. मोठ्या साहेबाला ‘हे विमान मी सोडणार नाही’ म्हणणारा तरुण आपल्याला उद्धट वाटतो. त्याच्या नकाराचा मान राखणं हे हँगरमधल्या प्रत्येक वरिष्ठाचं काम आहे.

गेल्या काही वर्षांत इंजिनं पुन्हा बातम्यांत आली. १२ मार्च २०१८ रोजी डीजीसीएने प्रॅट अँड व्हिटनीची विशिष्ट मालिकेची इंजिनं असलेली इंडिगो आणि गोएअरची ११ विमानं जमिनीवर उतरवली. हवेत इंजिन बंद पडण्याचे प्रकार वाढले होते. त्या दिवशी प्रवाशांची प्रचंड गैरसोय झाली आणि संतापही झाला. तो निर्णय माझ्या मते बरोबर होता. मग चकत्यांची पाळी आली: जुलै २०२३ मध्ये प्रॅट अँड व्हिटनीकडून स्वतःच जाहीर झालं, की २०१५ च्या अखेरीपासून २०२१ पर्यंत बनवलेल्या काही चकत्यांच्या धातूच्या भुकटीत अशुद्धता राहिली होती आणि त्यामुळे त्यांना ठरलेल्या आयुष्याआधी तडे जाऊ शकतात. सप्टेंबरात सांगितलं गेलं, की जगभरातली आणखी ६०० ते ७०० इंजिनं पंखांवरून उतरवून तपासावी लागतील. इंडिगोची पुढे सत्तरीच्या घरात विमानं उभी राहिली, कंपनीने जुन्या विमानांचे भाडेकरार वाढवले.

उतरवलेल्या इंजिनांच्या चकत्या आता सुट्या करून ध्वनिलहरींनी तपासतात. लहर धातूत सोडायची आणि आतल्या खोटीवरून परतलेला पडसाद पडद्यावर पाहायचा. पृष्ठभागापर्यंत न आलेली खोटही यात सापडू शकते. खोट सापडलेली चकती बाद होते, तिच्या जागी नवी बसते, आणि तिच्या नंबराचं कार्ड शून्य सायकलीपासून सुरू होतं.